क्षोभाचे आयुष्य

स्मशानवैराग्य हा शब्द आपल्या भाषेत उगाच रूढ झालेला नाही. प्रेताला अग्नी देऊन परतणाऱ्याची विरक्ती बहुधा घरच्या स्नानापर्यंतच टिकते. लोकक्षोभाची गतही पुष्कळदा तीच होते. संगणकीय खेळांच्या जगातील हाँगकाँग प्रकरण याची साक्ष देईल.

६ ऑक्टोबर २०१९ रोजी ब्लिझार्ड या अमेरिकन कंपनीच्या ‘हर्थस्टोन’ नामक पत्त्यांच्या खेळाची आशियाई स्पर्धा चालू होती. आरोपी चीनच्या स्वाधीन करण्याच्या विधेयकावरून हाँगकाँगमध्ये पेटलेले आंदोलन तेव्हा शमलेले नव्हते. ‘ब्लिट्झचुंग’ या टोपणनावाने खेळणारा तेथील तरुण सामन्यानंतर मुलाखतीस आला तो मुखवटा चढवूनच, आणि त्याने हाँगकाँगच्या मुक्तीची घोषणा दिली. दोनच दिवसांत कंपनीने त्याचे बक्षीस काढून घेतले, एक वर्षाची बंदी घातली आणि दोघा समालोचकांनाही दूर केले.

लोकांपैकी एखाद्या गटास दुखावणारे किंवा कंपनीच्या प्रतिमेस बाधक असे कृत्य कोणते, हे ठरविण्याचा अधिकार नियमावलीने कंपनीलाच दिला होता. कराराच्या दृष्टीने ही बाजू भक्कम खरी. परंतु फिर्यादी आणि न्यायाधीश एकच असतील तेथे न्याय झाला असे आम्हांस म्हणवत नाही. त्यातून कंपनीच्या मूळ संस्थेत टेन्सेंट या चिनी उद्योगाचा सुमारे पाच टक्के वाटा होता. त्यामुळे संशय बळावला.

मग वणवा भडकला. खेळाडूंनी खाती बंद केल्याचे जाहीर केले. ‘प्रत्येक आवाज मोलाचा’ या अर्थाची अक्षरे कंपनीच्या आवारात कोरलेली होती. ती काही कर्मचाऱ्यांनीच कागदाने झाकली. अमेरिकन काँग्रेसच्या पाच सदस्यांनी निषेधाचे पत्र धाडले. तत्पूर्वीच, ११ ऑक्टोबरला, कंपनीने बक्षीस परत केले व बंदी सहा महिन्यांवर आणली. मात्र निर्णयात चीनशी असलेल्या संबंधांचा हात नव्हता, असेही सांगितले.

१ नोव्हेंबरला अॅनाहाइम येथील मेळाव्यात अध्यक्षांनी व्यासपीठावरून क्षमा मागितली; उरलेली शिक्षा मात्र तशीच राहिली. बाहेर निदर्शक उभे होते. आत ‘डायब्लो ४’ची घोषणा होताच टाळ्यांचा कडकडाट झाला. २०२३ मध्ये त्याच खेळाने पहिल्या पाच दिवसांत ६६ कोटी ६० लाख डॉलरची विक्री केली, असे कंपनीने सांगितले.

क्षोभ अगदीच निष्फळ ठरला असे नव्हे. बक्षीस परत मिळाले, शिक्षा निम्मी झाली. परंतु शिक्षेपूर्वी म्हणणे ऐकले जावे आणि निवाडा तिऱ्हाइताने द्यावा, हे हक्क संतापाने मिळत नसतात. जत्रेची गर्दी पालखीबरोबर ओसरते. देवालय चालते ते नंदादीपात रोज तेल घालणाऱ्यामुळे.

३० जून २०२० रोजी हाँगकाँगमध्ये राष्ट्रीय सुरक्षा कायदा लागू झाला. त्याखालील पहिल्याच खटल्यात, जुलै २०२१ मध्ये, तीच घोषणा फुटीरतेस चिथावणी देऊ शकते असे न्यायालयाने ठरविले. खेळाडूला सहा महिने भोवलेले शब्द त्याच्या गावात आता तुरुंगाची वाट दाखवितात.