बातमीला उत्तर देणारा श्रोता: गोंदिया परिसरातील वृत्तकथनाचा इतिहास

पडद्यावर मांडलेल्या बातमीत वाचकाला नकाशावरचे ठिकाण निवडता येते, आकडेवारी हवी तशी चाळता येते आणि दृश्य, ध्वनी व मजकूर यांतून आपली वाट आपणच ठरवता येते, तेव्हा त्या कथनप्रकाराला परस्परसंवादी डिजिटल वृत्तकथन असे म्हटले जाते. या प्रकाराचा इतिहास लिहिताना बहुतेक अभ्यासक २०१२ सालच्या ‘स्नो फॉल’पासून आरंभ करतात. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यातील एका हिमस्खलनाची ती कहाणी ‘न्यू यॉर्क टाइम्स’ने मजकूर, चित्रफिती आणि हलते नकाशे एकत्र गुंफून संकेतस्थळावर मांडली आणि पुढच्या वर्षी तिला पुलित्झर पारितोषिक मिळाले. हा आरंभबिंदू तंत्राच्या दृष्टीने योग्य आहे. मात्र संवादाची कसोटी यंत्राला न लावता ऐकणाऱ्याच्या अधिकाराला लावली, म्हणजे बातमी सांगितली जात असताना ऐकणाऱ्याला तीत किती ढवळाढवळ करता येते असे विचारले, तर हा इतिहास बराच मागे जातो आणि त्याचा एक ठळक धागा विदर्भाच्या पूर्व टोकाला, गोंदिया जिल्ह्याच्या धानपट्ट्यात सापडतो.

गोंदिया हा स्वतंत्र जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला. तथापि सांस्कृतिकदृष्ट्या तो झाडीपट्टीचा, म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत पसरलेल्या जंगल-तलावांच्या मुलखाचा भाग आहे. येथे झाडीबोलीबरोबर पोवारी, गोंडी, छत्तीसगढी आणि हिंदी बोलली जाते, आणि १९५६पर्यंत हा प्रदेश आधी मध्य प्रांतात व नंतर जुन्या मध्य प्रदेशात असल्याने सरकारी कामकाजावर हिंदीची छाया होती. बंगाल-नागपूर रेल्वेमुळे आणि पुढे जबलपूरकडे जाणाऱ्या अरुंद मार्गामुळे गोंदिया हे जंक्शन झाले, त्यामुळे नागपूरची वृत्तपत्रे शहरात आगगाडीने पोचू शकत होती. परंतु सालेकसा, देवरी किंवा अर्जुनी मोरगावच्या आतल्या गावांपर्यंत छापील कागद पोचणे आणि पोचलाच तर तो वाचणारा माणूस गावात असणे, या दोन निरनिराळ्या गोष्टी होत्या. सरकारचा निरोप कोतवाल दवंडी पिटून सांगे. दवंडीत प्रश्न विचारण्याची सोय नसते. डफ वाजतो, हुकूम ऐकू येतो आणि कोतवाल पुढच्या चौकात जातो. गावाला स्वतःचे मत नोंदवायचे असे, तेव्हा त्यासाठी वेगळे प्रसंग होते.

त्यांतला पहिला पोळ्याचा. पिठोरी अमावास्येला सजवलेले बैल गावाच्या आखरावर, म्हणजे गुरे जमण्याच्या मोकळ्या जागेवर, तोरणाखाली रांगेने उभे केले जातात आणि तोरण तुटून पोळा फुटेपर्यंतच्या अवधीत झडत्या म्हटल्या जातात. झडती हे यमक जुळवलेले, चढ्या आवाजात म्हणायचे छोटे पद्य होय. तिचा प्रारंभ बहुधा बैलाच्या वा देवाच्या वर्णनाने होतो, मध्ये ती कोणाला तरी चिमटा काढते आणि शेवटी गौरा-पार्वतीला नमन करून महादेवाच्या गजरावर संपते. हा शेवटचा गजर मात्र म्हणणाऱ्याचा एकट्याचा नसून सगळ्या जमावाचा असतो. चिमट्याचा विषय पाऊस असेल, सावकार असेल, धानाचा भाव असेल, शेजारच्या मालकाचा हडकुळा बैल असेल किंवा दिल्ली-मुंबईतला मंत्री असेल. महाराष्ट्राच्या वृत्तपत्रांत पोळ्याच्या सुमारास चालू राजकारणावरच्या झडत्या आजही छापून येतात, यावरून या प्रकाराची वृत्तटीका म्हणून असलेली ओळख स्पष्ट होते.

झडतीची रचना बारकाईने पाहण्यासारखी आहे. एकाने झडती फेकली की रांगेतला दुसरा तिला झडतीनेच उत्तर देऊ शकतो, आणि ज्याच्यावर ती बेतलेली आहे तो माणूस बहुतेक वेळा तिथेच, आपल्या बैलाची वेसण धरून उभा असतो. म्हणजे सांगणारा, ज्याच्याविषयी सांगितले जाते तो आणि ऐकणारा असे तिन्ही पक्ष एका जागी, एका वेळी हजर असतात. चिमटा खोटा वा फाजील असेल तर गजर मिळमिळीत होतो. तो पटला तर आखर दणाणून जातो. वाचकांची पसंती मोजण्याची याहून थेट रीत आधुनिक संपादकाला उपलब्ध नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे इडापीडेचे प्रतीक असलेली मारबत गावाबाहेर नेताना हाच व्यवहार अधिक रांगड्या रूपात होतो: रोगराईपासून लोकांना छळणाऱ्या माणसांपर्यंत नको असलेल्या सगळ्या गोष्टींची नावे घेऊन त्या मारबतीबरोबर धाडल्या जातात, आणि यादीत नवे नाव घालण्यास कोणाची परवानगी लागत नाही. नागपूरच्या बडग्यांना, म्हणजे मिरवणुकीतल्या पुतळ्यांना, मिळालेली प्रसिद्धी या खेड्यांतल्या मारबतीला मिळाली नाही, एवढाच फरक.

दुसरा प्रसंग मंडईचा. दिवाळी संपली की झाडीपट्टीतील गावे आळीपाळीने मंडई भरवतात. दिवसा बाजार, पाहुणे आणि माहेरवाशिणी, तर रात्री दंडार, नाटक किंवा खडी गंमत असा क्रम असतो. गावोगावच्या तारखा शक्यतो वेगवेगळ्या ठेवल्या जात असल्याने एकाच मोसमात पाहुणे आणि कलावंत दोघेही अनेक गावे फिरतात, आणि त्यांच्याबरोबर बातम्याही फिरतात. खडी गंमत हा तमाशाशी नाते सांगणारा, उभ्याने सादर केला जाणारा लोकनाट्यप्रकार आहे. त्यात शाहीर, ढोलकीवाला, स्त्रीवेष घेणारा नाच्या आणि विनोदी पात्र असते; गण आणि गवळण आटोपल्यावर कथेला वाट मिळते आणि विनोदी पात्राच्या तोंडून गावातल्या ताज्या घडामोडी कथेत शिरतात. पौराणिक राजाच्या दरबारात रेशन दुकानाची तक्रार येणे या रंगभूमीला मुळीच विसंगत वाटत नाही.

यातही ‘दुय्यम’ हा प्रकार या लेखाच्या विषयाला सर्वांत जवळचा आहे. दुय्यम म्हणजे एकाच मंडपात दोन संचांनी समोरासमोर उभे राहून केलेला सामना. त्यामागे कलगी-तुऱ्याची जुनी परंपरा आहे: तुरेवाले शिवाला किंवा पुरुषतत्त्वाला श्रेष्ठ मानतात, कलगीवाले शक्तीला किंवा प्रकृतीला, आणि दोघे कूटप्रश्न टाकून एकमेकांना अडवतात. एक शाहीर प्रश्न गाऊन ठेवतो, दुसऱ्याला आपल्या पाळीत त्याचे उत्तर गाण्यातूनच द्यावे लागते. प्रश्न पुराणातला असला तरी टोमणे वर्तमानातले असतात. श्रोते बक्षिसाची नोट पुढे करतात, शाहीर देणाऱ्याचे नाव पुकारतो, आणि कोणत्या ओळीवर बक्षीस आले हे पाहून रात्रीच्या उरलेल्या भागाचा रोख ठरवतो. पुढचा भाग कसा असेल हे सांगणाऱ्यालाही आधी ठाऊक नसते, आणि परस्परसंवादाचा खरा निकष हाच मानला पाहिजे. स्वातंत्र्यानंतर कुटुंबनियोजन, साक्षरता किंवा स्वच्छता यांच्या प्रचारासाठी शासनाने शाहीर आणि कलापथके वापरली, तेव्हा गाणे आणि ढोलकी घेतली गेली, समोरचा शाहीर मात्र वगळला गेला. परिणामी त्या कार्यक्रमांना बक्षिसापेक्षा मानधनाचाच आधार राहिला, यात नवल नाही.

यंत्राच्या माध्यमांनी श्रोत्याच्या सहभागाचा प्रश्न नव्याने हाती घेतला तो आकाशवाणीच्या काळात. नागपूरचे केंद्र जुलै १९४८मध्ये सुरू झाले. १९५६ साली आकाशवाणीने युनेस्कोच्या साहाय्याने पुणे परिसरातील पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत ‘रेडिओ ग्राममंडळां’चा प्रयोग केला: गावकऱ्यांनी एकत्र बसून कार्यक्रम ऐकायचा, त्यावर चर्चा करायची आणि आपले प्रश्न केंद्राला कळवायचे, की त्यांची उत्तरे पुढच्या कार्यक्रमात मिळत. प्रयोगाचे समाजशास्त्रीय मूल्यमापन झाले आणि जगभर त्याचा उल्लेख होत राहिला. झाडीपट्टी त्यात नव्हती. त्या वर्षीच्या बहुतेक काळात ती तत्कालीन मुंबई राज्याच्या प्रशासनाबाहेरच होती.

डिजिटल काळात या मुलखाशी नाते सांगणारा सर्वांत महत्त्वाचा प्रयोग शेजारच्या छत्तीसगढमध्ये उभा राहिला. बीबीसीत काम केलेले पत्रकार शुभ्रांशु चौधरी यांनी २०१०मध्ये सुरू केलेल्या ‘सीजीनेट स्वर’ या सेवेत साधा फोन लावून बातमी बोलून नोंदवता येते. नोंदवलेला संदेश तपासनीस ऐकतात, शहानिशा करतात आणि मग तो फोनवर व संकेतस्थळावर सर्वांना ऐकण्यासाठी खुला होतो. त्यासाठी अक्षरओळख लागत नाही आणि हिंदीबरोबर गोंडीतही बोलता येते. हातपंप बिघडला, मजुरी मिळाली नाही अशी बातमी देणारा माणूस पुष्कळदा शेवटी संबंधित अधिकाऱ्याचा क्रमांक सांगतो आणि ऐकणाऱ्यांनी त्याला फोन करावा अशी विनंती करतो. ज्याच्याविषयी बोलले जाते त्याला समोर उभे करण्याची झडतीची युक्तीच येथे तारेवाटे परत आलेली दिसते. दरवर्षी माघ पौर्णिमेला सालेकसा तालुक्यातील कचारगडच्या गुहांकडे अनेक राज्यांतून गोंड यात्रेकरू येतात, आणि गोंडीला वृत्तभाषा म्हणून किती मोठा श्रोतृवर्ग लाभू शकतो याची कल्पना त्या गर्दीवरून येते. एवढा वर्ग असूनही या भाषेतील छापील पत्रकारिता क्षीण राहिली, कारण ती अनेक राज्यांच्या सीमांत विभागली गेली आणि प्रत्येक राज्याची शाळा दुसऱ्याच भाषेत भरली.

गोंदियातील काही बातम्या स्वभावतःच नकाशावर सांगण्याजोग्या आहेत. नागझिऱ्याच्या जंगलातून २०१३मध्ये उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात गेलेला आणि एप्रिल २०१६नंतर बेपत्ता झालेला ‘जय’ हा वाघ त्यांपैकी एक. रेडिओ कॉलरच्या संकेतांमुळे त्याचा वावर बिंदूंनी दाखवता येत होता, आणि संकेत थांबल्यावर नकाशाही थांबला. त्यापुढची बातमी शेतकरी, गुराखी आणि वनमजूर यांच्या सांगण्यात होती. सारस पक्ष्याच्या बाबतीत हेच ज्ञान आधीपासून हिशेबात धरले गेले: धानाच्या बांधीत घरटे करणाऱ्या या पक्ष्याचा महाराष्ट्रातील मुख्य आधार गोंदिया जिल्हा असून, येथील गणनेत वनविभागाबरोबर स्थानिक संस्था, स्वयंसेवक आणि शेतकरी सहभागी होतात. अशा गणनेचा आकडा वृत्तपत्रात छापून येतो तेव्हा तो वाचणाऱ्यांपैकी काहींनीच तो गोळा केलेला असतो.

पडद्यावरील परस्परसंवादाची मर्यादा या तुलनेतून उघड होते. संकेतस्थळावरचा वाचक वाटा निवडतो खरा, पण त्या सगळ्या वाटा आधीच आखलेल्या असतात. कितीही वेळा कळ दाबली तरी तो निवेदकाला निरुत्तर करू शकत नाही. दुय्यममध्ये तसे करता येते, आणि तीच त्या रात्रीची मुख्य बातमी ठरते. दुसरीकडे, आखरावरच्या झडतीचा पल्ला गावापुरता होता आणि त्यामुळेच तिला धारदार होणे परवडत होते. बोचरी झडती ऐकलेला सावकार आणि ती म्हणणारा कुळवाडी दुसऱ्या दिवशी एकाच पाणवठ्यावर भेटणार, हे दोघांनाही ठाऊक असे. आता मंडईतल्या गंमतीचे चित्रण भ्रमणध्वनीवर होऊन त्याच रात्री जिल्ह्याबाहेर पोचू शकते. त्या चित्रणातला टोमणा ऐकणाऱ्या दूरच्या माणसाला ना तो ज्याला मारला तो सरपंच माहीत असतो, ना त्याने दिलेले उत्तर, आणि मंचावरील शाहिरालाही एखाद्याचे नाव घ्यायचे की नुसते गावाच्या खुणेने ओळखवायचे, याचा विचार दोन वेगळ्या श्रोत्यांसाठी एकाच वेळी करावा लागतो.