काजळी आणि लोखंडाचा कण

समईची ज्योत मंदावली की आजी काडीने वातीवरची काजळी झाडी, आणि ज्योत पुन्हा ताठ उभी राही. त्या काजळीच्याच कुळातल्या एका वस्तूची ही हकीकत: कार्बनच्या अतिसूक्ष्म पोकळ नळीची.

नळीचे नाव निघाले की १९९१ साल आणि जपानचे सुमिओ इजिमा पुढे येतात. ते रास्तच, जगाचे लक्ष त्यांनीच वेधले. (त्यांच्या त्या नळ्या मात्र विजेच्या ज्योतीत, धातूवाचूनच वाढल्या होत्या.) मला कौतुक वाटते ते लोखंडाच्या कणाचे, आणि त्याची कुळकथा जुनी आहे. पोलादाच्या कारखान्यांत झोतभट्टीच्या विटा आतून फुटत. कार्बन मोनॉक्साइड वायू विटेतल्या लोखंडाच्या डागाला भिडला की तेथे कार्बन साचे आणि वीट तडके. १९५३ साली डेव्हिस, स्लॉसन व रिग्बी यांना या दुखण्याचा माग काढताना कार्बनचे सूक्ष्म तंतू दिसले. आदल्याच वर्षी राडुश्केविच आणि लुक्यानोविच या सोव्हिएत शास्त्रज्ञांनी त्याच वायूपासून लोखंडावर वाढलेल्या, सुमारे ५० नॅनोमीटर जाडीच्या नळ्यांची छायाचित्रे छापली होती. पण लेख रशियन भाषेत! बाहेर वाचतो कोण?

भट्टीतल्या या गुन्हेगारालाच पुढे मखरात बसवले गेले. १९९३ साली लोखंड आणि कोबाल्ट यांच्या साहाय्याने एकपदरी नळ्या निघाल्या. प्रश्न उरला कण घडवण्याचा, आणि खरा कस तेथेच लागतो. नुसत्या सिलिकॉनवर लोखंड ठेवून तापवले तर ते त्यातच मुरते. म्हणून मध्ये अ‍ॅल्युमिनाचा थर देतात आणि त्यावर जेमतेम एक नॅनोमीटर जाडीचे लोखंड चढवतात. तेलकट ताटावर सांडलेले पाणी जसे थेंबाथेंबांनी गोळा होते, तसा तापताच तो पापुद्रा फुटून मणी बनतात. जेवढा मणी, साधारण तेवढी नळी. पापुद्रा जाड झाला की मणी थोराड आणि नळ्या जाड, अनेकपदरी. १९९८ साली स्टॅनफर्डमध्ये होंगजिए दाई यांच्या चमूने तर लोखंडमिश्रित अ‍ॅल्युमिनाचे ठिपके मांडून त्यांवर मिथेन सोडला. ठिपक्यांच्या रांगोळीसारखेच ते: जेथे ठिपका, तेथून नळी.

पण उत्तम मण्यावरही कार्बनचे कवच चढते आणि तो निकामी होतो. २००४ साली जपानच्या त्सुकुबा येथे केंजी हाता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वायूत पाण्याची किंचित वाफ मिसळली. कवच झडले, आणि दहा मिनिटांत अडीच मिलिमीटर उंच नळ्यांचे रान उभे राहिले. ते वाचताना मला आजीची काडी आठवली. तरी ती वाढही थांबतेच: तापत राहिलेले लहान मणी झिजून मोठ्यांना मिळतात, आणि काही लोखंड खालच्या अ‍ॅल्युमिनात झिरपून जाते.