बॉयलरचं पाणी आणि लेकीची खुर्ची



बोअरचं पाणी तापवून तापवून बंबाच्या आत पांढरा थर चढतो आणि मग सरपण जास्त लागतं, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. कारखान्याच्या बॉयलरमध्ये असाच थर बसला तर कोळसा जास्त जळतो, नळ्या तापून फुटतात. म्हणून तिथं पाणी आधी मऊ करून घेतात. रेझिन नावाचे बारीक मणी भरलेल्या टाकीतून ते सोडतात. मणी पाण्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम धरून ठेवतात आणि बदल्यात सोडियम देतात. मणी थकले की त्यांना मिठाचं पाणी द्यायचं, ते पुन्हा कामाला लागतात. साधं मीठ!

हे रेझिन, पाणी शुद्ध करायची आणि कारखान्याचं सांडपाणी साफ करायची यंत्रं बनवणारी एक कंपनी आपल्या पुण्यात आहे, थरमॅक्स. चिंचवडला तिच्या नावाचा चौकच आहे. १९६६ साली ए. एस. भाथेना या पारशी गृहस्थांनी बेल्जियमच्या वॉनसन कंपनीच्या साथीनं ती वॉनसन इंडिया म्हणून काढली. सुरुवात बॉयलरपासून. १९८० साली थरमॅक्स हे नाव आलं. पुढं कारभार जावयांनी, रोहिंटन आगांनी वाढवला. भाथेनांची लेक अनू समाजकार्य शिकलेली. तिनं १९८५ पासून कंपनीत माणसांचं खातं पाहिलं.

१९९६ साली रोहिंटन अचानक गेले. दोन दिवसांत अनूताईंना अध्यक्ष केलं. दुःख करायलाही सवड नाही, आणि आपल्याला हे जमेल का ही धाकधूक. वर्षभरानं तरुण मुलगा अपघातात गेला. त्यात बाजारात मंदी. कधी चारशे रुपयांच्या घरात असलेला शेअर ३६ रुपयांवर आला आणि कंपनी तोट्यात गेली.

तेव्हा एका भागधारकाचं निनावी पत्र आलं. तुमच्याकडं पैसा असेल, पण तुम्ही मला खड्ड्यात घातलं, असा त्याचा रोख. अनूताईंची झोप उडाली. पत्र फाडून टाकता आलं असतं की. त्यांनी बाहेरचे सल्लागार बोलावले. मूळ कामाशी संबंध नसलेले धंदे बंद केले, काही विकले. आणि सगळ्यात अवघड काम म्हणजे घरच्या माणसांनी रोजच्या कारभारातून मागं व्हायचं ठरवलं. संचालक मंडळात बाहेरचे जाणकार आले, कामकाज नेमलेल्या व्यवस्थापकांकडं गेलं. निम्म्याहून जास्त शेअर घरातच राहिले, पण मालकी वेगळी आणि कारभार वेगळा. गटात अध्यक्षपद दुसरीला देतानाही आपल्यात किती कुजबुज होते! इथं तर बापानं उभी केलेली कंपनी होती.

कंपनी तोट्यातून वर आली. २००४ साली अनूताईंनी अध्यक्षपद सोडलं आणि त्या खुर्चीवर त्यांची लेक मेहेर पदमजी बसली. ती केमिकल इंजिनिअर आहे. म्हणजे रेझिनचे मणी आणि मिठाच्या पाण्याची गोष्ट तिला आपल्यापेक्षा चांगली सांगता येईल.