गाळानें राखलेलें नगर

कांहीं नगरें वैभवामुळें टिकतात आणि कांहीं वैभवामुळेंच नामशेष होतात. दारिद्र्यामुळें टिकलेलें नगर मात्र क्वचितच पाहावयास मिळतें. बेल्जमच्या वायव्य भागांत, उत्तर समुद्रापासून चार-पांच कोसांवर असलेलें ब्रूज हें त्यांपैकीं एक होय.

तेथें मी दोनच दिवस होतों आणि एकटाच होतों. सोबत कोणी नसलें म्हणजे बोलणें खुंटतें, आणि बोलणें खुंटलें म्हणजे डोळे व कान अधिक जागे होतात. पहिल्या दिवशीं संध्याकाळीं, प्रवाशांची गर्दी ओसरल्यावर, एका कालव्याच्या कांठीं उभा राहिलों. पायऱ्यापायऱ्यांनीं निमुळतीं होत गेलेल्या माथ्यांचीं विटांचीं घरें पाण्यांत उलटीं उभीं होतीं. राजहंसांची एक जोडी तीं प्रतिबिंबें मोडीत संथपणें निघून गेली. आणि बाजारचौकांतील घंटाघरांतून सुस्वर घंटानाद ऐकूं आला. येथें काळ पांचशें वर्षें थांबून राहिला आहे, असें त्या क्षणीं कोणासही वाटलें असतें. मलाही वाटलें. परंतु काळ कोणासाठींही थांबत नसतो; तो थांबल्यासारखा दिसतो, तेथें निराळेंच कांहीं घडलेलें असतें.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं ३६६ पायऱ्या चढून त्या घंटाघरावर गेलों. मनोरा ८३ मीटर उंच आहे. चढतांना वाटेंत एक खोली लागते; नगराच्या सनदा पूर्वीं येथें कडीकुलपांत ठेवीत असत. ज्या नगरानें आपले हक्क राजाच्या किल्ल्यांत नव्हे, देवालयांतही नव्हे, तर बाजारावरील मनोऱ्यांत जपले, तें नगर कोणाचें होतें हें वेगळें सांगावयास नको. वर गेल्यावर ईशान्येकडे पाहिलें. सपाट शेतें, झाडांची रांग आणि रेघ ओढल्यासारखा एक सरळ कालवा, एवढेंच दिसलें. ब्रूजचें भाग्य एके काळीं त्याच दिशेनें येत असे.

तें भाग्य समुद्रानें दिलें होतें. ११३४ सालच्या तुफानानें किनारा फोडला आणि झ्विन नांवाची खाडी जमिनींत खोलवर शिरली. डामे येथें मोठ्या गलबतांतील माल उतरून घेत आणि लहान होड्यांतून शहराच्या वखारींपर्यंत आणीत. १२७७ सालीं जिनोव्हाचें पहिलें जहाज या बाजूस आलें. मग इंग्लंडची लोकर, हान्सा संघाच्या नगरांकडील लांकूड व मेण, इटलीचें रेशीम आणि व्हेनिसच्या हातून गेलेलीं आपल्या देशांतील मिरीं हीं सारीं एका बाजारांत भेटूं लागलीं. व्हॅन डर ब्यूर्झ नांवाच्या घराण्याची येथें एक खानावळ होती. तिच्यासमोर परदेशी व्यापारी जमत; रोखेबाजारासाठीं युरोपांत रूढ असलेला ‘बोर्स’ हा शब्द त्या घराण्याच्या नांवावरून आला, असें मानतात.

पुढें झ्विन गाळानें भरूं लागली. त्यांत मनुष्याचाही हात होता. खाडीच्या कांठीं बांध घालून शेतकऱ्यांनीं खारी जमीन लागवडीस आणली. त्यामुळें भरतीच्या पाण्यास पसरण्यास जागा उरली नाहीं, आणि गाळ धुऊन नेणारा ओहोटीचा जोर ओसरला. शेतें पिकत गेलीं आणि बंदर मरत गेलें. त्यांत राजकारणाची भर पडली. १४८८ सालीं नागरिकांनीं हाप्सबर्ग घराण्यांतील माक्सिमिलिअन यास बाजारचौकांतील एका घरांत कांहीं महिने कैद करून ठेवलें. सुटल्यावर त्यानें परदेशी व्यापाऱ्यांना ब्रूज सोडून अँटवर्पास जाण्याची आज्ञा केली. कालव्यांतील राजहंस हे त्याच अपराधाचें प्रायश्चित्त, अशी एक दंतकथाही सांगतात. याच्या दुसऱ्याच वर्षीं, १४८९ मध्यें, हान्स मेमलिंग यानें सेंट जॉनच्या रुग्णालयासाठीं संत उर्सुलेच्या पेटीवरील चित्रें पुरीं केलीं. तीं तेथें अद्याप आहेत, आणि त्यांतील रंगांचा टवटवीतपणा पाहून तीं बुडत्या नगरांत रंगविलेलीं आहेत असें वाटत नाहीं.

१४९८ सालीं वास्को द गामा कालिकतास पोहोंचला. त्यानंतर तीनच वर्षांनीं, १५०१ मध्यें, पोर्तुगीजांनीं आणलेल्या मिऱ्यांचें पहिलें गलबत अँटवर्पास लागलें. मलबारचीं मिरीं पुनः ब्रूजकडे वळलीं नाहींत.

यानंतरच्या तीन शतकांविषयीं प्रवासी फारसे विचारीत नाहींत. परंतु जें पाहावयास ते येतात, तें त्या शतकांनींच राखलें. जुनें घर पाडून नवें बांधावें एवढी ऐपत लोकांत उरली नव्हती. १९ व्या शतकाच्या मध्यास हें बेल्जममधील अत्यंत दरिद्री नगरांपैकीं एक होतें. मुली लहानपणींच लेस विणावयास बसत. जी नाजूक जाळी आज दुकानांच्या कांचेआड मांडलेली दिसते, ती त्या काळीं घरोघरची मीठभाकर होती. पुढें १८९२ सालीं जॉर्ज रोडेनबाख याच्या कादंबरीनें ब्रूजला ‘मृत नगर’ म्हणून कीर्ति दिली, आणि त्या मृताच्या दर्शनास लोकांची रीघ लागली. त्याच सुमारास अनेक इमारतींना गॉथिक थाटाचें नवें रूप देण्यांत आलें. तेव्हां आपण जें मध्ययुगीन म्हणून पाहतों, त्यांतील बरेंचसें आपल्या पणजोबांच्या वयाचें आहे. समुद्रही परत आणला गेला: १९०७ सालीं किनाऱ्यावर झेब्रूज बंदर उघडलें. २००० सालीं युनेस्कोनें जुन्या नगराचा समावेश जागतिक वारशांत केला.

संध्याकाळीं पुनः त्याच कालव्याच्या कांठीं गेलों. घरें तींच, हंस तेच, घंटानादही तोच. आदल्या दिवशींचा आनंद कमी झाला नव्हता. फक्त तो फुकटचा वाटेनासा झाला. आपण ज्या शांततेची स्तुति करतों, ती कोणाच्या तरी रिकाम्या वखारींची आणि थंड चुलींची शांतता होती. ज्यांनीं ती सोसली, त्यांना आपलें नगर सुंदर दिसत असेल काय, हा प्रश्न मनांत घेऊनच मी स्टेशनाची वाट धरली.