चार्ल्सटनचा हायबर्नियन हॉल

परोपकारी मंडळांचा इतिहास बहुधा त्यांच्या देणग्यांच्या याद्यांवरून लिहिला जातो. आम्हांला तो त्यांच्या वास्तूंतून वाचणे अधिक उद्बोधक वाटते. अमेरिकेच्या साउथ कॅरोलायना राज्यातील चार्ल्सटन येथे मीटिंग स्ट्रीटवर उभा असलेला हायबर्नियन हॉल ही अशीच एक वाचनीय वास्तू.

हायबर्निया हे आयर्लंडचे लॅटिन नाव. गरजू आयरिश स्थलांतरितांच्या साहाय्यार्थ १८०१ साली येथे हायबर्नियन सोसायटी स्थापन झाली. पहिले अध्यक्ष सायमन फेलिक्स गॅलाघर हे कॅथलिक धर्मगुरू होते. परंतु सभासदांत प्रॉटेस्टंटही होते, आणि अध्यक्षपद एक वर्ष कॅथलिकाकडे, तर पुढील वर्ष प्रॉटेस्टंटाकडे असा परिपाठ पडला. ज्या भेदाने मायदेशी पिढ्यान् पिढ्या वैर पोसले, तो येथे एका साध्या वहिवाटीने निवळावा, ही गोष्ट लहान नव्हे.

१८४० मध्ये बांधलेल्या या सभागृहाचा आराखडा टॉमस वॉल्टर यांचा. वॉशिंग्टनच्या कॅपिटॉलचा प्रसिद्ध घुमट पुढे त्यांनीच रचला. दर्शनी भाग ग्रीक मंदिरासारखा. मुंबईच्या टाउन हॉलच्या पायऱ्या चढलेल्या वाचकाला हा थाट परका वाटणार नाही; मात्र तेथील स्तंभ साधे, भरदार डोरिक, तर येथील आयोनिक, म्हणजे माथ्यावर वेटोळी असलेले. दारावर आयर्लंडचे चिन्ह असलेली हार्प ही तंतुवाद्याची आकृती आहे. १८८६ च्या भूकंपात दर्शनी भागाची हानी झाली आणि पुनर्बांधणीत त्याला इटालियन वळण आले. शैलीच्या शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्यांना ते खटकेल, आम्हांला नाही.

एप्रिल १८६० मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाचे अधिवेशन चार्ल्सटनमध्ये भरले, तेव्हा स्टीफन डग्लस यांच्या समर्थकांचा तळ याच हॉलमध्ये होता. वरच्या मजल्यावर प्रतिनिधींसाठी खाटांच्या रांगा मांडल्या होत्या. गुलामगिरीच्या प्रश्नावर दक्षिणेकडील अनेक प्रतिनिधी सभात्याग करून गेले आणि उमेदवार न ठरताच अधिवेशन तहकूब झाले. अधिवेशनाचे मूळ सभागृह १८६१ च्या आगीत नष्ट झाले. हा तळ मात्र राहिला, आणि १९७३ मध्ये त्याला राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला.

दोन पंथांना एका छताखाली आणणाऱ्या या सलोख्याची सीमा वर्णापाशी येऊन थांबत होती. हॉलपासून चालत काही मिनिटांवर, चाल्मर्स स्ट्रीटवर, १८५६ पासून माणसांचा लिलाव होई. ती इमारतही उभी आहे. तेथे आता गुलामगिरीच्या इतिहासाचे संग्रहालय आहे.