‘नबॉब’ची हवेली

इंग्लंडमध्ये रेडिंगजवळ माझा भाचा राहतो. त्याच्याकडे गेलो होतो तेव्हा एका रविवारी तो म्हणाला, “मामू, चला, तुम्हाला सिनेमातलं घर दाखवतो.” २००५ सालच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ चित्रपटात दिसलेली ती हवेली म्हणजे बर्कशायरमधलं बॅसिल्डन पार्क. थेम्सच्या खोऱ्यातली, मधाच्या रंगाच्या दगडात बांधलेली.

घर मला आवडलं, हे आधीच सांगतो. मग ते कुणाच्या पैशातून उभं राहिलं हे वाचलं, आणि बी.ए.ला असताना पाठ केलेलं एक नाव आठवलं : मुर्शिदाबाद.

फ्रान्सिस साइक्स हा ईस्ट इंडिया कंपनीचा नोकर, रॉबर्ट क्लाइव्हच्या विश्वासातला. १७६५ मध्ये बंगालची दिवाणी कंपनीच्या हाती आली, तेव्हा मुर्शिदाबादला नवाबाच्या दरबारी कंपनीचा रेसिडेंट म्हणून हा साइक्स बसला. महसुलाच्या वसुलीवर देखरेख त्याची, आणि जोडीला स्वतःचा खासगी व्यापार. बक्कळ पैसा गाठीला बांधून तो मायदेशी परतला. १७७० मध्ये बंगालात भीषण दुष्काळ पडला. त्यात एक कोटी माणसं मेली, असा अंदाज नेहमी दिला जातो. पुढच्याच वर्षी साइक्सनं बॅसिल्डनची जहागीर विकत घेतली. १७७६ पासून यॉर्कच्या जॉन कार या वास्तुशिल्पकाराच्या आराखड्यानुसार तिथं ही हवेली उभी राहू लागली.

हिंदुस्थानातून असे गबर होऊन आलेल्यांना इंग्रज लोक ‘नबॉब’ म्हणत. हे आपल्या ‘नवाब’चंच बिघडलेलं रूप. इकडं खऱ्या नवाबाची सत्ता गेली. त्याचा किताब तिकडं कारकुनांना चिकटला.

साइक्स घराण्याला ही हवेली टिकवता आली नाही. १८३८ मध्ये ती जेम्स मॉरिसन या कापडाच्या बड्या व्यापाऱ्याकडे गेली. विसाव्या शतकात तर एका मालकानं अख्खं घर सुटं करून अमेरिकेत उभारून देण्याची तयारी दाखवली. गिऱ्हाईक मिळालं नाही म्हणून ते वाचलं. पण आतलं बरंच सामान विकलं गेलं. दुसऱ्या महायुद्धात लष्करानं घर ताब्यात घेतलं, आणि युद्ध संपलं तेव्हा त्याची पार रया गेली होती.

१९५० च्या दशकात लॉर्ड आणि लेडी इलिफ या दांपत्यानं ते विकत घेतलं. त्याच सुमारास लिंकनशायरमधलं पँटन हॉल पाडलं जात होतं. तेही जॉन कारच्या हातचं. इलिफ दांपत्यानं तिथली दारं आणि शेकोट्यांच्या चौकटी आणल्या. कारच्या कारागिरांची मापं इतकी पक्की, की त्या घराची दारं या घराच्या चौकटीत अचूक बसली. १९७८ मध्ये त्यांनी हे घर नॅशनल ट्रस्टच्या स्वाधीन केलं.

२०२० मध्ये या ट्रस्टनं वसाहतवाद आणि गुलामगिरीशी संबंध असलेल्या आपल्या ९३ वास्तूंची माहिती देणारा अहवाल काढला. बॅसिल्डन त्यात आहे. अहवालावर तिकडं बराच गदारोळ झाला. सहलीला आलेल्या माणसांना हे कशाला ऐकवायचं, असा अनेकांचा सूर होता.

मला वाटतं, हीदेखील डागडुजीच. छताचा गिलावा पुन्हा केला, दारं शोधून आणली. मग घराची निखळलेली हकीकतही जागेवर बसवायला नको?

परतताना हे सगळं मी भाच्याला सांगितलं. तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “सिनेमात मुर्शिदाबाद कुठं होतं, मामू?”