नागिणीचा अर्धा वेढा

घाटकोपर-मुलुंडच्या चाळीत कुणाच्या कमरेवर पाणीदार फोडांचा पट्टा उठला, की शेजारच्या आजी आधी विचारतात, "वेढा पुरा नाही ना झाला?" नागिणीचं तोंड शेपटीला भिडलं की माणूस दगावतो, ही जुनी समजूत. मग कुणी गेरू लावतं, कुणी दूर्वा-तांदळाचा लेप. नागीण बेंबीपाशी थांबते आणि श्रेय गेरूला जातं.

गेरू नसता तरी ती तिथंच थांबली असती. यामागच्या कारणाचा पहिला धागा सापडला 1860च्या दशकात. बर्लिनच्या बेरेनस्प्रुंग यांना नागीण झालेल्या रुग्णाच्या शवविच्छेदनात कण्यालगतची मज्जातंतूची गाठ सुजलेली दिसली. पुढे 1900 साली हेन्री हेड आणि कॅम्पबेल या डॉक्टरांनी कुठली नस त्वचेचा कुठला पट्टा सांभाळते, याचा नकाशाच काढला. डाव्या नसेची हद्द कण्यापासून पोटाच्या मध्यरेषेपर्यंत. पलीकडे उजवीचं राज्य. म्हणून वेढा अर्धाच राहतो.

नागीण झालेल्यांच्या सहवासातल्या मुलांना कांजिण्या येतात, हे बुडापेस्टच्या बोकाय यांनी 1892 मध्ये नोंदवलं. दोन्हींचा विषाणू एकच, हे 1950च्या दशकात थॉमस वेलर यांनी दाखवलं. कांजिण्या बऱ्या झाल्या तरी तो गाठीत दडून राहतो आणि वय वाढलं, प्रतिकारशक्ती घटली की उठतो, ही मांडणी 1965 मध्ये होप-सिम्पसन या साध्या फॅमिली डॉक्टरांनी केली.

नस आधी पेटते, म्हणून फोडांच्या दोन-तीन दिवस आधीच एका बाजूला आग होते. लोक 'चमक भरली' म्हणून बाम चोळतात. छातीत दुखलं तर ईसीजी काढतात. फोड वाळल्यावरही काहींची नस शांत होत नाही. सदरा नुसता घासला तरी जीव कळवळतो. हे दुखणं तीन महिन्यांपलीकडे रेंगाळलं, तर डॉक्टर गॅबापेंटिन, प्रीगाबालिन किंवा अमिट्रिप्टिलिन देतात.

विषाणूवरचं एसायक्लोव्हिर हे औषध ज्या प्रयोगशाळेतून आलं, तिथल्या गर्ट्रूड एलियन यांना 1988 चं नोबेल मिळालं. पन्नाशीनंतर घ्यायची दोन डोसांची लस 2023 पासून भारतातही मिळते.

फोड उठल्यापासून 72 तासांत औषध सुरू झालं तर त्याचा गुण सर्वाधिक. तेव्हा ते तीन दिवस लेपात घालवू नका. फॅमिली डॉक्टर गाठा, नाहीतर राजावाडी, कूपरसारखं पालिका रुग्णालय. फोड कपाळावर, नाकाच्या शेंड्यावर वा डोळ्याजवळ असतील, तर त्याच दिवशी.